धाकटीच्या उडीचा चष्मा

३ फेब्रुवारी, सोमवार

ही डायरी एका भिंगांच्या कंपनीने फुकट दिली. प्रत्येक पानाच्या तळाशी डोळ्यांसाठी एकेक सल्ला छापलाय. आजचा: ‘दर वीस मिनिटांनी नजर उचलून दूर पाहा.’ एकतीस वर्षं चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या माणसाला हे ऐकवायचं म्हणजे कमाल आहे. पण कोरी वही टाकून देणं माझ्या स्वभावात नाही, आणि आज लिहिण्यासारखं घडलंही.

जेवताना धाकटी म्हणाली, “दादा, मी विमानातून उडी मारते.”

“मीठ सरकव,” मी म्हणालो.

“खरंच सांगते. सात झाल्या.”

“सात काय?”

“उड्या.”

धाकटी म्हणजे माझी बहीण. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान, म्हणजे पंचेचाळीस. शाळेत भूगोल शिकवते. नवरा गेल्यापासून अकरा वर्षं आमच्याकडेच असते आणि शाळा सुटली की चारनंतर दुकानात बसते. गेले दोन महिने दर रविवारी ‘नकाशावाचनाच्या शिबिराला’ जात होती. शिबिर कुठे आहे, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. ते गावाबाहेरच्या जुन्या धावपट्टीवर होतं आणि नकाशा तेरा हजार फुटांवरून वाचत होते.

मी बायकोकडे पाहिलं. ती माझ्या ताटात भात वाढण्यात फारच गुंतलेली होती. म्हणजे हिला ठाऊक होतं.

“सातही वेळा शिकवणारे धरायला होते,” धाकटी म्हणाली. “आता आठवी एकटीने. दोन मार्चला. पण दादा, तुझ्याकडे काम आहे. तिथला गॉगल माझ्या चष्म्यावर नीट बसत नाही. काड्या कानशिलात रुततात, आतून वाफ धरते. सात वेळा आभाळातून पडले आणि सातही वेळा मला फक्त दूध दिसलं. बावीस वर्षं पोरांना नदी शिकवतेय. एकदा वरून बघू दे ना मला. डोळ्यांचं काहीतरी करून दे.”

मी म्हणालो, “बघू.” या घरात ‘बघू’चा अर्थ सगळ्यांना माहीत आहे.

तिचा नंबर उणे साडेसहा. चष्मा काढला तर समोर मी आहे की कपाट, हे तिला हाताने चाचपून ठरवावं लागतं. कॉन्टॅक्ट लेन्स तिला सोसत नाहीत. म्हणजे चष्मा नाही तर उडी नाही. ‘नाही’ म्हणून वाईटपणा कशाला घ्या? योग्य माल मिळत नाही, असं सांगण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

तिचे शिकवणारे दुकानात आले. उन्हाने रापलेला, पन्नाशीला टेकलेला, सरळ पाठीचा माणूस. मी त्याचं नाव उडीमास्तर ठेवलं. मला वाटलं होतं, गळ्यात साखळ्या घातलेला कोणी तरणाबांड असेल. हा तर पोस्टमास्तरसारखा सावकाश बोलतो.

“साहेब, वारा ताशी दोनशे किलोमीटरचा लागतो,” तो म्हणाला. “फॅशनचा गॉगल पहिल्या सेकंदाला जातो आणि खाली कोणाच्या तरी शेतात सापडतो. काचेचं भिंग तर नकोच.”

मग त्याने मनगटावरचं यंत्र दाखवलं. जाडजूड घड्याळासारखं, उंची दाखवणारं. करड्या पडद्यावर काळे आकडे, कॅल्क्युलेटरवर असतात तसे. पडताना आकडे भराभर उतरतात. पाच हजार आला की छत्री उघडायची.

“आणि आकडा दिसला नाही तर?” मी विचारलं.

“म्हणून तर तुमच्याकडे आलोय.”

जाता जाता त्याने स्वतःचेही डोळे तपासून घेतले. नंबर निघाला पाव. एवढ्याला आम्ही चष्मा देतच नाही. मी तसं सांगितलंही. पण माणूस हट्टालाच पेटला. म्हणे, वाचताना ताण येतो. धाकटीने त्याला चार फ्रेमा दाखवल्या, त्यावर पाऊण तास गेला. बारीकसारीक गोष्टीत इतका घोळ घालणारा माणूस विमानाच्या दारात निर्णय कसा घेतो, कोण जाणे.

९ फेब्रुवारी, रविवार

मागवलेले नमुने आले. दुकान बंद झाल्यावर तपासणी केली. मी गॉगल घालून स्टुलावर बसलो, समोर टेबलफॅन पूर्ण वेगात, आणि बायको बाजूने केस वाळवायचं यंत्र धरून उभी. पहिला खेळाडूंचा, कानामागे वळणारा. छान दिसतो. दहाव्या सेकंदाला नाकावरून घसरला. दुसरा पोहण्याचा. डोळ्यांना असा चिकटला की काढताना टप् असा आवाज झाला आणि बायको हसता हसता खाली बसली.

“अहो, पंख्याचा वारा ताशी किती किलोमीटर असतो?” तिने विचारलं.

शास्त्रीय कामात असल्या शंका काढणाऱ्यांनी जगाचं नुकसान केलं आहे.

नेमकं त्याच वेळी शटरखालून वाकून कोणीतरी आत डोकावलं. उडीमास्तर. चष्म्याचा उजव्या काडीचा स्क्रू सैल झाला होता. परवा दिलेला चष्मा! मी गॉगल घातलेल्याच अवस्थेत तो आवळून दिला. धाकटी घरात होती, तिला हाक मारू का, असं बायको उगाचच विचारत होती. स्क्रू आवळायला दोन माणसं कशाला?

१३ फेब्रुवारी, गुरुवार

पंख्याने भागेना म्हणून स्कूटर काढली. मी चालवतोय, धाकटी मागे उभ्यासारखी, मान माझ्या डोक्याच्या वर काढून. नवा गॉगल, तिसरा. रबरी कडा गालाला सगळीकडून टेकलेली, आत नंबराची भिंगं बसवायला वेगळी चौकट, वाफ जायला वर बारीक भोकं. हमरस्त्यावर मी सत्तरपर्यंत नेली. आमच्या शेजारच्या दाताच्या डॉक्टरांनी पाहिलं आणि गाडीच बाजूला घेतली.

“कसं वाटतंय?” मी ओरडलो.

“अजून जोरात!” ती ओरडली.

थांबल्यावर तिने गॉगल काढला. डोळ्यात टिपूस नव्हतं. आत वाफ नाही, कड सरकलेली नाही. तिचा चेहरा असा होता की मी तिकडे न बघता स्टँड लावला.

“पट्टा कच्चा आहे,” मी म्हणालो. “परत पाठवतो.”

पट्टा कच्चा नव्हता. इथे खोटं लिहिण्यात अर्थ नाही, ही वही कोणी वाचत नाही. तो मी आजवर हाताळलेला सगळ्यात चांगला गॉगल आहे. परत पाठवला नाही. खालच्या खणात ठेवलाय.

१५ फेब्रुवारी, शनिवार

उडीमास्तरांचा स्क्रू पुन्हा सैल. या वेळी डाव्या काडीचा. आधीचा आवळून आठवडाही झाला नाही, आणि फ्रेमेची ही गत. साडेचारला आले. मी मोकळा होतो, पण ते म्हणाले, तुमचं चालू द्या, बाईंना वेळ असेल तर त्या करतील. माझ्या हाताला यश नाही असं त्यांना वाटत असावं. धाकटीने अर्धा तास लावला. काय शिकवलं मी हिला अकरा वर्षांत?

फ्रेमवाल्याला फोन करून चांगलं झापलं. तो म्हणे, अशी तक्रार दुसरीकडून एकही नाही. सगळे असंच म्हणतात.

१९ फेब्रुवारी, बुधवार

चौथा गॉगल: रंग वाईट. पाचवा: वास येतो. धाकटी नुसतं ‘बरं’ म्हणाली आणि वह्या तपासायला बसली. ती भांडली असती तर मला सोपं गेलं असतं.

बायको मात्र बोलली. “तुम्हाला सहा मीटरवरची बारीक अक्षरं दिसतात. दोन फुटांवरचं माणूस दिसत नाही.”

“मला सगळं दिसतं.”

“मग खालच्या खणात काय आहे?”

मी विषय बदलून फ्रेमवाल्याची तक्रार सांगायला घेतली. त्यावर ती पंख्यापुढच्यापेक्षाही जोरात हसली. का, ते सांगेना.

२२ फेब्रुवारी, शनिवार

धाकटीची डोळे तपासायची तारीख. दरवर्षी हीच असते. नंबर तोच आहे. डोळ्यांचे डॉक्टर मागच्याच महिन्यात तिचा पडदा नीट तपासून उडीला हरकत नाही असं लिहून देऊन बसलेत. हेही मला आजच कळलं. सरकारी फाइलसारखी शेवटी माझ्या टेबलावर येते प्रत्येक गोष्ट.

नोंद करायला तिचं कार्ड काढलं. कार्डावर शेवटी ‘शेरा’ असा रकाना असतो. सहसा मी तिथे ‘ठीक’ लिहितो. तिच्या कार्डावर, माझ्याच अक्षरात, वर्षावर वर्ष:

अंधारात गाडी चालवू नये. पोहू नये. सायकल टाळावी. सहलीला डोंगरावर जाऊ नये. उन्हात फार फिरू नये. दुसऱ्या गावची नोकरी घेऊ नये (प्रवास, धूळ). आणि असेच आणखी पाच.

ती नोकरी मुख्याध्यापिकेची होती. धुळीने डोळ्यांना काय होणार होतं? काही नाही. अकरा शेरे. एकाचाही तिच्या डोळ्यांशी संबंध नाही. आणि तिने अकराच्या अकरा पाळले. पोहायची ती किती छान.

मेहुणे अपघातात गेले त्या दिवशी तिला ते सांगायला मीच गेलो होतो. असा निरोप पुन्हा कधी कोणाला द्यायची वेळ येऊ नये, एवढंच मला हवं होतं. त्यापायी मी तिला काउंटरमागे ठेवली, शोकेसमध्ये.

“झालं का, दादा?” ती खुर्चीतून म्हणाली. तिच्या डोळ्यांवर तपासणीची जड चौकट होती, घुबडासारखी दिसत होती. “या वर्षी काय लिहितोस?”

मी काही लिहिलं नाही. खालचा खण उघडला.

२६ फेब्रुवारी, बुधवार

चार दिवस दुसरं काम केलं नाही. नंबराची भिंगं पातळ आणि न फुटणाऱ्या प्लास्टिकची, स्वतः घासून गॉगलच्या आतल्या चौकटीत बसवली. वाफ धरू नये म्हणून लेप दिला. बाहेरचं भिंग कोणतं लावायचं, हा खरा प्रश्न. साधं पांढरं चाललं असतं. पण साधं द्यायला मी काय तिचा परका आहे? पोलराइज्ड लावलं, दुकानातलं सगळ्यात भारी. उन्हाची चमक गाळून टाकतं. पाण्यावरची झळाळी गेली की तळ दिसतो. तिला नदी बघायचीय ना? दगडगोटेसुद्धा मोजून घे म्हणावं.

तिने घातला, खिडकीबाहेर पाहिलं आणि समोरच्या दुकानांच्या पाट्या एकेक करून वाचून काढल्या. मग, “दादा, तू…” एवढंच म्हणाली. मला खोकला आला.

उडीमास्तर तिथेच होते (स्क्रू). त्यांनी गॉगल हातात घेतला, उजेडासमोर धरून फिरवला, मनगट त्याच्यामागे नेलं. “साहेब, हे पोल—” असं काहीतरी म्हणायला लागले, तेवढ्यात धाकटीचा पाय त्यांच्या बुटावर पडला.

“पोलादासारखा आहे,” ते म्हणाले.

आजवर बोलका वाटलेला माणूस, पण कारागिरी पाहून शब्द सुचेना. त्यांच्या दोन्ही काड्यांच्या स्क्रूंना मी या वेळी गोंदाचा थेंब लावून दिला. आता दहा वर्षं बघायला नको.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

धाकटीने सहज विचारलं, “दादा, याचं वरचं भिंग काढून साधं बसवता येतं का?”

“येतं. पण साधं कशाला?”

“नाही, सहज.”

साध्यावर भागवायची सवयच लागलीय या बाईला. एवढं भारी भिंग दिलंय तर दडपण येतंय. मी म्हटलं, बिनधास्त वापर.

२ मार्च, रविवार

आज अक्षर लागलं नाही तर वाचणाऱ्याने, म्हणजे मीच, समजून घ्यावं.

मी धावपट्टीवर जाणार नव्हतो. रविवारी दुपारपर्यंत दुकान उघडं असतं, हे कारण. बायको मैत्रिणीकडे गेलेली. साडेनऊला एक बाई तावातावाने आल्या. “तुमच्या नव्या गॉगलमध्ये खोट आहे! पेट्रोल पंपावरचे आकडेच दिसेनात. मान वाकडी केली की दिसतात, सरळ केली की काळं.”

हे भाषण मला तोंडपाठ आहे. “बाई, ती खोट नाही, गुण आहे. हे पोलराइज्ड भिंग. ते चमक अडवतं, तसा अशा करड्या पडद्यांचा उजेडही अडवतं. एका कोनात धरलं की काळे आकडे असलेला पडदा सगळाच…”

सगळाच काळा.

करडा पडदा. काळे आकडे. पाच हजार आला की छत्री उघडायची.

हजार गिऱ्हाइकांना हे सांगितलंय मी. हजार! पुढे काय बोललो, आठवत नाही. बाईंना दुकानात तशाच सोडून स्कूटर काढली. धाकटीचा फोन बंद. उडीमास्तरांचा बंद. सत्तरला थांबलो नाही मी. दाताचे डॉक्टर पुन्हा बाजूला झाले.

धावपट्टीच्या कुंपणाशी पोचलो तेव्हा विमान वर होतं, माशीएवढं. गवतावर चादर पसरून, थर्मासमधला चहा ओतत एक बाई बसली होती. माझी बायको.

“मैत्रिणीकडे गेली होतीस ना?”

“हीच काय ती मैत्रीण,” तिने वर बोट दाखवलं.

“तिला खाली आण! तिला आकडा दिसणार नाही! मी तिला…” एकतीस वर्षं लोकांना दिसावं म्हणून राबलो आणि माझ्या बहिणीला मी स्वतःच्या हाताने आंधळी करून विमानात बसवली.

बायको उठली आणि तिने माझा दंड धरला. “अहो, तिला माहीत आहे. खाली बसा.”

मी बसलो नाही. वर एक टाचणीच्या टोकाएवढा ठिपका सुटला. तो पडत राहिला. किती पडावं एखाद्या माणसाने! मग फट्कन एक लाल चौकोन उमलला आणि आता मात्र मी बसलो.

ती उतरली ती थेट बुडावर. धावत गेलो. तिच्या डोळ्यांवर उडीच्या केंद्रातला तोच जुना प्लास्टिकचा गॉगल होता, आत तिचा रोजचा चष्मा, वाफेने पांढराफटक. माझा गॉगल तिच्या छातीच्या खिशातून निघाला. मऊ फडक्यात गुंडाळलेला.

“पहिल्याच दिवशी कळलं होतं,” ती म्हणाली आणि मागून येणाऱ्या उडीमास्तरांकडे मान केली. “यांचं यंत्र घरी आणून बघितलं. मनगट फिरवलं की काळं.”

“मग बोलली का नाहीस?”

“बोलणार होते. साधं भिंग बसतं का, विचारलं ना? पण तू एवढा खूश होतास, दादा. अकरा वर्षांत पहिल्यांदा तू ‘नको’ न म्हणता मला काही दिलंस. ते कसं परत करू?”

“तू आठवड्याने उडी मारली असतीस तरी चाललं असतं.”

“नसतं चाललं. आठवड्याने तू परत ‘बघू’ म्हणाला असतास.”

मी तिच्या पाठीवरचं गवत झटकलं.

“नदी दिसली का?” मी विचारलं.

तिने चष्मा पुसला. “दूध,” म्हणाली आणि हसली. “मनगट नाकाशी धरलं की आकडा तेवढा दिसतो.” उडीमास्तर तोवर तिच्यामागे येऊन तिची छत्री गोळा करत होते. घडी अशी जपून घालत होते, जसं काही ते लहान मूल आहे. केंद्रात हे काम सगळ्यांसाठी करतात का, हे विचारायला हवं.

३ मार्च, सोमवार

दुकानाची सुट्टी. बाहेरचं भिंग बदललं. साधं, पांढरं, कसलाही रंग नाही. यंत्र मागवून घेतलं आणि मनगट सगळ्या कोनांतून फिरवून आकडे वाचले. बायकोकडून वाचून घेतले. शेजारच्या डॉक्टरांनाही बोलावून त्यांच्याकडून वाचून घेतले. ते जरा घाबरत घाबरतच आले.

पेट्रोल पंपवाल्या बाईंना फोन करून माफी मागितली. त्यांनी माझं दुकान दीड तास सांभाळलं होतं आणि दोन फ्रेमा विकल्या होत्या.

९ मार्च, रविवार

दुकान बंद ठेवलं. पाटी लावली: ‘मालक वर बघायला गेले आहेत.’

ठिपका. लाल चौकोन. या वेळी ती उभ्याने उतरली. आधी गॉगल कपाळावर सरकवला आणि तिथूनच ओरडली, “दादा, सहा!”

“काय सहा?”

“वळणं! नदीला सहा वळणं आहेत! पुस्तकात चारच दाखवलीत. बावीस वर्षं चार शिकवतेय मी!”

शब्द तुटक येत होते. खडूच्या रेघेसारखी बारीक दिसते म्हणे, मग वळून चमकते, आणि पाचव्या वळणाशी एक बेट आहे ज्याचा पत्ताच कोणाला नाही. तिचा चेहरा असा मी पूर्वी पाहिलाय. ती सात वर्षांची असताना, पहिला चष्मा लावला तेव्हा. बाबांनी लावला होता, मी स्टूल धरून उभा होतो. झाडाला वेगवेगळी पानं असतात, असं ओरडत ती घरभर धावली होती.

१२ मार्च, बुधवार

आज सव्वातीनला उडीमास्तर. स्क्रू.

मी चष्मा घेतला आणि मोठ्या भिंगाखाली धरला. गोंद लावलेला स्क्रू आपण होऊन सुटत नाही. कधीच नाही. गोंद खरवडून काढलेला दिसत होता. स्क्रूच्या डोक्यावर चरे होते, भलत्याच हत्याराचे. घरात, बहुधा स्वयंपाकाच्या सुरीच्या टोकाने, एका सरळ पाठीच्या माणसाने चिकाटीने बसून हे केलं होतं. चार वेळा.

मी मान वर केली. उडीमास्तर दारातून रस्त्याकडे बघत होते. तेरा हजार फुटांवर दारात उभा राहणारा माणूस, आणि कानाच्या पाळ्या लाल.

फ्रेमवाल्याला सॉरी म्हणावं लागणार. बायकोला तर काय काय म्हणावं लागेल, देव जाणे.

“काही गंभीर आहे का, साहेब?” त्यांनी विचारलं.

“आहे,” मी म्हणालो. “आज होण्यासारखं नाही. वेळ लागेल.”

स्क्रू तसाच सैल ठेवून मी चष्मा त्यांना परत दिला. मग दोन कार्डं काढली. धाकटीच्या कार्डावर या वर्षीच्या शेऱ्याची जागा अजून मोकळीच होती. ती तशीच राहू दिली. उडीमास्तरांच्या कार्डावर मात्र लिहिलं, आणि त्यांना वाचता यावं म्हणून कार्ड त्यांच्याकडे फिरवलं. पाव नंबराचाच माणूस, वाचायला अडचण नव्हती.

शेरा: रोज दाखवायला यावे. चारनंतर.